सासूला हात लावायचा नाही

आमच्या गावात मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकला सासू म्हणतात. दुसऱ्या कुठल्या गावात म्हणत असतील असं मला वाटत नाही, कारण हे नाव दगडोबाने ठेवलं. उजव्या मुठीसमोरची ती दांडी दाखवून तो शिकणाऱ्याला सांगायचा, "ही सासू. हिला हात लावायचा न्हाई. डिवचली की डोक्यावर आपटते." पोरं खिदळायची. हसत शिकलेली गोष्ट माणूस जन्मभर विसरत नाही, आणि पुढे तीच आमची सगळ्यांची अडचण झाली.

गाव आखाडा बाळापूरपासून थोडं आत आहे. माझी पिठाची गिरणी गावाच्या तोंडाला, आणि समोर मुरमाचं मोकळं मैदान. त्या मैदानात दगडोबाने अर्ध्या गावाला गाडी शिकवली. पैसे कधी घेतले नाहीत. स्वतःची हळदीची शेती सोडून, भर उन्हात, कोणाच्याही पोराच्या मागे पळत जायचा आणि तोंडाने सारखी बडबड. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजातही मला त्याचा आवाज ऐकू यायचा, म्हणजे बघा. मी कितीदा वैतागून म्हणालो असेन की दगडोबा, जरा श्वास घे. त्याला गाडीमास्तर म्हणत, आणि ते त्याला आवडायचं. लपवायचा प्रयत्न करायचा, पण कान लाल व्हायचे.

शिकवायची त्याची रीत ठरलेली होती. नवं पोरगं गाडीवर बसलं की दगडोबा खिशातून काळा करदोडा काढून सासूवर गुंडाळायचा. करदोडा दिसला की हात मागे घ्यायचा, पाय दाबायचा. गाडी थांबवायची ती मागच्या ब्रेकने, उजव्या पायाने. पोरगं करदोडा न बघता गाडी थांबवायला लागलं की दगडोबा तो सोडून घ्यायचा आणि म्हणायचा, जा आता, पास झालास. त्याच्या स्वतःच्या जुन्या गाडीला तर पुढच्या ब्रेकची तारच नव्हती. काढून टाकली होती.

हे त्याने उगाच केलं नव्हतं, तेही सांगितलं पाहिजे. आज गावात जो तो त्याला खुळा ठरवून मोकळा होतो, त्याचा मला संताप येतो. तरुणपणी त्याचा जिवाभावाचा दोस्त होता जळबा. दोघे कळमनुरीच्या बाजाराहून येत होते, जळबा चालवत होता, दगडोबा मागे. तेव्हा रस्ता म्हणजे नुसती खडी. समोर म्हैस आली, जळबाने घाबरून पुढचा ब्रेक आवळला, पुढचं चाक जाम झालं आणि खडीवरून सटकलं. जळबा तोंडावर गेला. वाचला, पण जबडा वाकडा राहिला आणि नंतर तो नीट बोलू शकला नाही. दगडोबाने जे पाहिलं त्यावरून धडा घेतला. त्या रस्त्यावर, त्या गाडीवर, झिजलेल्या टायरवर त्याचं बरोबरच होतं. पुढे रस्ते डांबरी झाले, गाड्या बदलल्या. दगडोबाचं सांगणं तेवढं बदललं नाही.

त्याचा मुलगा वैजनाथ. एकुलता एक. बापाकडून सगळ्यात आधी गाडी शिकलेला, पाय जेमतेम टेकत होते तेव्हाच. मोठा झाल्यावर कळमनुरीच्या एका बियाण्यांच्या दुकानासाठी गावोगाव फिरायचं काम धरलं. लग्न झालं, कोमल आली, राजनंदिनी झाली. जुन्या गाडीवर फिरणं जमेना, म्हणून त्याने नवी गाडी घ्यायची ठरवली. वैजनाथ, दगडोबा आणि मी असे तिघे हिंगोलीला गेलो. शोरूममधल्या पोराने गाडी दाखवली आणि एबीएस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. साध्या गाडीचा ब्रेक जोरात दाबला की चाक जाम होतं, आणि जाम झालेलं चाक घसरतं. एबीएस चाक जाम होऊच देत नाही. पकडतं, सोडतं, पुन्हा पकडतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत कितीतरी वेळा. गाडी सरळ राहते आणि लवकर थांबते. मात्र हे सगळं या गाडीत फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचा ब्रेक नेहमीसारखाच. म्हणून पुढचा दाबायचा, न घाबरता, पूर्ण.

वैजनाथ हसून म्हणाला, आमच्या गावात सासूला कोणी हात लावत नाही. त्या पोराला काही कळलं नाही. आम्ही तिघे मात्र खूप हसलो. मीही हसलो.

गाडीला हार घालून आणली, सुमनबाईने, म्हणजे दगडोबाच्या बायकोने, ओवाळलं. मग दगडोबा म्हणाला, बघू तर खरं काय भानगड आहे. माझ्या गिरणीसमोरच्या मुरमावर त्याने गाडी पळवली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पुढचा ब्रेक दाबला. बोटांखाली दांडी थरथरली. एबीएस काम करायला लागलं की ती तशी थरथरतेच, शोरूमच्या पोराने तेही सांगितलं होतं, पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि हाताला जाणवणं वेगळं. विजेचा झटका बसावा तसा दगडोबाने हात काढला. गाडी पुढे गेली, त्याने पायाने थांबवली. खाली उतरला तो निकाल देऊनच.

"ह्याच्यात खोट हाय. ब्रेक थरथर कापून राहिला. तू आपला पायानंच मार."

आणि खिशातून करदोडा काढून नव्याकोऱ्या गाडीच्या सासूवर गुंडाळला. वैजनाथने हसत हसत राहू दिला. बापाचं मन मोडायला त्याला कधी जमलं नाही. पुढे करदोडा कधीतरी पावसात कुजून पडला, पण त्याची गरज कुठे होती? त्या पोराची बोटं लहानपणापासून त्या दांडीवर गेलीच नव्हती.

अपघात बाळापूर आणि वारंगा फाट्याच्या मध्ये झाला. दुपारची वेळ, कोरडा रस्ता, चांगलं ऊन. पुढे उसाची ट्रॉली जात होती, ती शेताच्या वाटेला अचानक वळली आणि रस्त्यावर आडवी झाली. वैजनाथ काही फार वेगात नव्हता. त्याने जिवाच्या आकांताने पाय दाबला. मागचं चाक जाम झालं, गाडी घसरत आडवी झाली आणि तो ट्रॉलीच्या चाकांखाली गेला. डोक्याला हेल्मेट होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी गेलो होतो तिथे. रस्त्यावर टायर घासल्याची काळी रेघ होती, लांबलचक. एकच.

गावाने दोन दिवसांत कारण शोधून काढलं. आम्हाला कारण लवकर सापडतं. ती एबीएसची भानगड फसवी, जाहिरातीपुरती, ऐन वेळी दगा देते, असं जो तो बोलायला लागला. दगडोबालाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. दिवसकार्य उरकल्यावर तो एकटा हिंगोलीला गेला, शोरूमवाल्यांशी भांडायला. तुमच्या ब्रेकने माझं लेकरू खाल्लं, असं तिथे ओरडून सांगायचं ठरवून गेला होता.

परत आला तो थेट माझ्या गिरणीत. दळण चालू होतं. मी पट्टा बंद केला. जो माणूस श्वास न घेता बोलायचा, तो पोत्यावर बसून राहिला. मग तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. तिथल्या मिस्त्रीने वाद घातला नाही. तशीच दुसरी गाडी मागच्या आवारात नेली, वाळू पसरलेल्या जागेवर पळवली आणि पुढचा ब्रेक गच्च दाबला. गाडी सरळ, जागेवर थांबली. मग त्याने हळू आवाजात विचारलं की मुलाने पुढचा ब्रेक दाबला होता का.

"म्या काय सांगावं त्याला?" दगडोबा म्हणाला. "म्या उठलो अन् आलो."

मी त्याला बरंच काही बोललो. नशीब, ट्रॉलीवाल्याची चूक, वेळ आली होती, जे आपण बोलतो ते सगळं. ट्रॉलीवाल्याची चूक होतीच, ती कोण नाकारतं? पण दगडोबा ऐकत नव्हता. त्याने एकच गोष्ट मागितली, घरात कोणाला सांगू नको. सुमनबाई खचेल आणि कोमल तर...

त्यानंतर त्याने शिकवलेलं परत घ्यायला सुरुवात केली. माझ्या गिरणीसमोर उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचा. पुढचा ब्रेक मारत जा रे, दोन्ही संगं मारत जा. लोक थांबायचे, ऐकून घ्यायचे, व्हय मामा म्हणायचे आणि गेल्यावर एकमेकांकडे बघायचे. पोराच्या दुःखाने डोकं फिरलं, असं ठरलं. तरण्या पोरांच्या डोळ्यांत त्याच्याबद्दलची कीव बघून मला चीड यायची. याच माणसाने तुम्हाला शिकवलं ना? मग शिकवलेलं तेवढं खरं आणि आता सांगतो ते खोटं, हे कसं?

एकाने मात्र मनावर घेतलं, तांड्यावरच्या भावसिंगने. त्याची गाडी जुनी, साध्या ब्रेकची. त्याने सवय नसताना मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम आवळला. व्हायचं तेच झालं. कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला. पट्टी बांधलेला हात घेऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, आधी न्हाई म्हणलात, आता व्हय म्हणून राहिले. एक काय ते सांगा." दगडोबाने सांगायचा प्रयत्न केला. साध्या ब्रेकची गाडी वेगळी, एबीएसची वेगळी. साध्या गाडीला दोन्ही ब्रेक हलक्या हाताने, अंदाजाने मारायचे, मुरमावर तर फारच जपून. एबीएसला घाबरायचं नाही. बरोबरच होतं ते सगळं. पण गाडीवर बसलेल्या माणसाला एका वाक्यात मावेल तेवढंच लागतं, आणि ते वाक्य त्याने कधीच देऊन टाकलं होतं. गर्दी पांगली. तेव्हापासून तो रस्त्यावर उभा राहायचा बंद झाला.

आणि मग कोमलने गाडी बाहेर काढली.

गाडी दुरुस्त होऊन पडवीत झाकून ठेवलेली होती. विकायचं नाव काढलं की ती उठून आत जायची. बाळापूरला एका दवाखान्यात तिला काम मिळालं, चिठ्ठ्या लिहायचं, पेशंटचे नंबर लावायचं. एसटीच्या वेळा तिच्या कामाच्या वेळेला जुळत नव्हत्या. गाडी तिला येत होती. वैजनाथनेच शिकवली होती, सुमनबाईची कुरकुर न ऐकता, याच मैदानात. बापाची रीत जशीच्या तशी. करदोड्यासकट.

पहिल्या दिवशी ती माझ्या गिरणीपुढून गेली तेव्हा मी दारात उभा होतो. पंजाबी ड्रेस, डोक्याला ओढणी, वर हेल्मेट. हात तेवढा केला. दगडोबा रस्त्याच्या पलीकडे उभा होता आणि तिच्या उजव्या हाताकडे बघत होता. चार बोटं मुठीवर घट्ट. एकही दांडीवर नाही.

त्याने तिला सांगून पाहिलं. गोडीत, मग कडक, मग नातीची शपथ घालून. ती एरवी त्याच्या शब्दाबाहेर नव्हती, पण या एका गोष्टीत ऐकेना. ती काय म्हणाली ते मला दगडोबानेच सांगितलं. "मामा, त्यांनी मला येवढी येकच गोष्ट शिकवली. ती बी खोटी म्हणून राहिले का तुमी?" त्याने शिकवलं ते मीच शिकवलेलं होतं, हे त्याच्या ओठांवर आलं आणि तो गोठ्याकडे निघून गेला.

असे बरेच दिवस गेले. ती सकाळी निघाली की हा वाटेवर येऊन बसायचा, संध्याकाळी गाडीचा आवाज आला की घरी जायचा. शेताकडे बघायचा नाही. हळद काढायला आली होती, ती मजुरांनी कशीतरी काढली. मी म्हणायचो, असं बसून काय होणार आहे? तो म्हणायचा, न्हाई होणार. आणि बसायचा.

मग एके संध्याकाळी कोमल गाडी ढकलत आली. गावाच्या फाट्याजवळ एक बकरी आडवी आली होती. मागचं चाक घसरलं, गाडी कलली, पाय टेकून ती कशीबशी वाचली. गाडीला काही झालं नव्हतं, पण परत तिच्यावर बसायची तिची हिंमत झाली नाही. दगडोबाने ते बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला.

"तू चल," म्हणाला. "मला एकट्यानं सांगवणार न्हाई."

गावाबाहेरच्या धान्य गोदामामागे डांबरी रस्त्याचा एक सरळ तुकडा आहे, रहदारी नसलेला. दगडोबाने माझ्याच गिरणीतली दोन रिकामी पोती आणली. एक रस्त्याच्या कडेला टाकलं, तिथे ब्रेक मारायचा. दुसरं पुढे, बरंच पुढे, रस्त्याच्या मधोमध. हे अंतर त्याने कुठून आणलं ते मी विचारलं नाही. ती काळी रेघ जिथून सुरू झाली आणि जिथे संपली, ते तो केव्हातरी जाऊन मोजून आला असणार.

कोमल गाडी घेऊन आली. तिला वाटलं, मामा पुन्हा तेच सांगणार. ती गाडीवरच बसून होती, तोंड फिरवून. दगडोबा तिच्यासमोर उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"पोरी, गाडीत खोट नव्हती," तो म्हणाला. "ब्रेक बराबर व्हता. वैजनाथनं दाबलाच न्हाई. म्या लहानपणापासून त्याला दाबू देला न्हाई. नव्या गाडीवर बी म्याच दोरा बांधला. मला हे समजून लई दिवस झाले. सांगायचं धाडस न्हाई झालं."

मला वाटलं कोमल ओरडेल, रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग पोत्यांकडे बघितलं आणि ती पोती कशासाठी आहेत हे तिला न सांगता समजलं. गाडी सुरू केली आणि रस्त्याच्या टोकाला गेली.

पहिल्या वेळी बोटं उघडलीच नाहीत. पाय दाबला, मागचं चाक किंचाळलं, गाडी वाकडीतिकडी होत दुसऱ्या पोत्यावरून पुढे निघून गेली. ती वळून परत गेली. दुसऱ्या वेळीही तसंच. दगडोबाचे ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. आयुष्यभर या माणसाने गाडीमागे पळत ओरडून शिकवलं आणि आज तो रस्त्याच्या कडेला नुसता उभा होता.

तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा वेग जास्त होता. कडेच्या पोत्यापाशी तिची चारही बोटं उघडली आणि दांडीवर मिटली. गाडीचं तोंड खाली दबलं. चाक किंचाळलं नाही. गाडी सरळ रेषेत, धरून ठेवल्यासारखी थांबली.

पुढचं पोतं अजून लांब होतं.

कोमलने गाडी स्टँडवर लावली. हेल्मेट काढून आरशावर अडकवलं. मग पुढच्या चाकापासून त्या पोत्यापर्यंत चालत गेली, सावकाश, जमिनीकडे बघत. पोत्यापाशी जाऊन थांबली आणि मागे वळून गाडीकडे बघत राहिली. मधला रस्ता रिकामा होता. तिथे एक बैलगाडी आरामात उभी राहिली असती.

"येवढी जागा उरत व्हती का मामा?" तिने विचारलं.

दगडोबाने व्हय म्हणून मान हलवली. माझ्याने तिथे उभं राहवलं नाही. मी पोती उचलायचं निमित्त केलं, आणि तिच्या पायाजवळचं पोतं उचलायची हिंमत झाली नाही म्हणून एकच घेऊन गिरणीवर आलो.

कोमल अजून त्याच घरात राहते. रोज बाळापूरला गाडीवर जाते-येते. ब्रेक बरोबर मारते, मी स्वतः बघितलं आहे. माझ्या गिरणीसमोर कुत्रं आडवं आलं की तिची बोटं आधी दांडीवर जातात. गावातले बाकीचे अजून पायानेच मारतात, माझा थोरला मुलगासुद्धा, सांगून सांगून मी थकलो. दगडोबाचं जेवण आता सुमनबाई वाढते. संध्याकाळी कोमलची गाडी अंगणात आली की तो ओट्यावरून विचारतो, आज दाबला का. ती गाडी लावते, राजनंदिनीला कडेवर घेते आणि आत जाता जाता "व्हय" म्हणते. आता दिवसभरात ती त्याच्याशी तेवढा एकच शब्द बोलते.